कानाला दडे, पण वाट नाकातून

घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १६ किलो. १२ दिवसांपूर्वी सर्दी झाली, दोन दिवस ताप आला. ताप गेला, नाक अजून थोडं वाहतंय. आता तो ‘माझ्या कानात पाणी गेलंय’ म्हणतो, टीव्हीचा आवाज वाढवतो, हाक मारली की ‘काय?’ विचारतो. एका रात्री कान दुखून रडला, नंतर दुखलं नाही. डॉक्टरांनी कान तपासून ‘पडद्यामागे थोडं पाणी आहे, थांबू या’ सांगितलं. सासूबाई लसणीचं तेल घालायला निघाल्यात, केमिस्टने नाकाचे थेंब दिलेत, शेजारणीने वाफ सुचवलीय. ‘कान मोकळा करायला घरी काय करू? की नुसतंच थांबू? आणि तीन आठवड्यांनी महालक्ष्म्यांसाठी विमानाने नागपूरला माहेरी जायचंय, ते जमेल का?’

ताई, तुम्ही विचारलंय कान मोकळा कसा करायचा. पण तुमची झोप उडवली आहे ती ‘थांबू या’ या शब्दांनी, असं मला वाटतं. डॉक्टर थांबा म्हणाले आणि तुम्हाला ते हात बांधून बसणं वाटलं. घरातले बाकीचे मात्र काही ना काही करायला सांगतायत, त्यामुळे काहीच न करणारी आई म्हणजे निष्काळजी असं मनात येतं. मी २२ वर्षं ठाण्यात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करते. जूनच्या मध्यात शाळा उघडल्या की पंधरा-वीस दिवसांत माझ्या बाहेरच्या बाकावर तुमच्यासारख्या आया बसायला लागतात, ते दिवाळीपर्यंत. म्हणून जरा लांबड लावून लिहिते.

आधी एक गोष्ट. मी तुमच्या मुलाचा कान बघितलेला नाही. तुमच्या डॉक्टरांनी बघितलाय आणि पडद्यामागे पाणी असल्याचं सांगितलंय, ते खरं धरून पुढचं सगळं लिहिते आहे. कान बघितलाच नसता तर ‘आधी दाखवा’ एवढंच लिहून थांबले असते. दडे मळाने बसतात, पाण्यात डुंबून बसतात, आणि कानात सरकवलेल्या शेंगदाण्यानेही बसतात. बाहेरून सगळं सारखंच दिसतं.

दडे बसलेत ते नेमके कुठे? कान म्हणजे एकापाठोपाठ दोन खोल्या समजा, मध्ये पडद्याची भिंत. बाहेरच्या खोलीत आपलं बोट जातं, तेल जातं, पोहताना पाणी जातं. मागच्या खोलीला बाहेर उघडणारं दार नाही. तिच्यातून एकच बारीक नळी निघते आणि नाकाच्या मागे घशात उतरते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आत ताजी हवा जाते. सर्दीत त्या नळीचं नाकाकडचं तोंड सुजतं. आतली हवा शरीर शोषून घेतं, नवी येत नाही, पडदा आत ओढला जातो. हाच दडा. हे बरेच दिवस चाललं की खोलीच्या अस्तरातून पाणी पाझरून साठतं. तुमच्या मुलाच्या कानात पाणी खरंच आहे, फक्त ते बाहेरून गेलेलं नाही.

मुलांनाच हे इतकं का होतं? मोठ्या माणसात ही नळी साधारण ३५ मिलिमीटर लांब असते आणि घशाकडे सुमारे ४५ अंशांच्या उताराने येते. तान्ह्या बाळात ती जवळपास निम्मी आणि बरीचशी आडवी असते. मूल मोठं होतं तसा हळूहळू उतार येतो. गटाराला उतार नसला की पहिल्या जोराच्या पावसात काय होतं, ते ठाण्यात राहणाऱ्याला मी सांगायची गरज नाही. त्यात भर म्हणजे नळीच्या तोंडाशेजारी अडेनॉइड नावाची गाठ असते. ती साधारण तीन ते सात या वयात सगळ्यात मोठी असते. तुमचा मुलगा बरोबर त्या वयात आहे.

त्यामुळे कानात काहीही घातलं तरी ते पडद्याशी येऊन थांबतं. आपल्याला पोचायचंय पलीकडे, आणि ती वाट नाकातून जाते.

आता सासूबाईंच्या तेलाविषयी. माझी आजीही लोखंडी पळीत तेल घेऊन त्यात लसणीची पाकळी तडतडवायची. तो वास आला की मला अजूनही बरं वाटतं. मांडीवर डोकं, कानाशी ऊब, केसांतून फिरणारा हात, एवढ्याने निम्मं मूल शांत होतं. तेव्हा त्यांना ‘हे अडाणीपणाचं आहे’ असं कृपा करून म्हणू नका. पण तेल घालू देऊ नका. कारणं त्यांना सांगता येतील अशी आहेत. गॅसवर तापवलेलं तेल वाटतं त्यापेक्षा बराच वेळ गरम राहतं, आणि कानाच्या आतली कातडी फार पातळ असते. मी भाजलेले कान बघितलेत. त्या रात्री दुखलं तेव्हा पडद्याला बारीक भोक पडलं असेल तर तेल थेट मागच्या खोलीत जाईल. आत मळ असेल तर तो फुगेल आणि उरलंसुरलं ऐकू येणंही बंद होईल. आणि ऑगस्टच्या आपल्या दमट हवेत तेलकट, ओलसर कान म्हणजे बुरशीला आवतण. ओल्या वर्तमानपत्राचा लगदा भरल्यासारखी दिसते ती बुरशी. ती काढायला तीन-चार फेऱ्या लागतात आणि मूल माझं कायमचं वैरी होतं. शिवाय तेलाने माखलेल्या कानात मला पडदा नीट दिसत नाही, हा माझा स्वार्थ.

त्याऐवजी शेकाचं काम त्यांच्याकडे द्या. सुती रुमालात मूठभर ओवा बांधून तव्यावर कोमट करायचा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, आणि मग कानाच्या बाहेरून, मागून, मानेवर पाच-दहा मिनिटं. मूल जागं असताना, मांडीवर घेऊन. झोपलेल्या मुलाच्या कानाखाली पुरचुंडी ठेवून द्यायची नाही. याने पाणी ओसरत नाही, ठणका मात्र कमी वाटतो, आणि आजीच्या हाताला काम मिळतं. ओव्यात कापूर मात्र नको. आपल्याकडे तो पुरचुंडीत सर्रास घालतात. लहान मुलाने तो चघळला तर फिट येऊ शकते, आणि मुलं चघळतात.

खरं काम नाकाचं. केमिस्टने दिलेली बाटली हातात घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. नाकाचे थेंब दोन जातींचे असतात आणि बाटल्या दिसायला जुळ्या बहिणी. एक सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. दुसरे नाक ‘उघडणारे’ थेंब, ज्यांवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असतं. दुसरे टाकले की पाच मिनिटांत नाक मोकळं होतं, म्हणून घराघरांत लाडके असतात. पडद्यामागच्या पाण्याला त्यांचा उपयोग होत नाही. आठवडाभर टाकत राहिलं तर थांबवल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. साडेचार वर्षांच्या मुलाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. हातात तीच बाटली असेल तर बाजूला ठेवा आणि साधं सलाइन आणा. स्वस्त असतं आणि त्याची सवय लागत नाही.

सलाइन टाकायची पद्धत मी आयांना करून दाखवते, कारण बहुतेकजणी दोन थेंब टाकून बाटली बंद करतात. दोन थेंबांनी शेंबूड हलत नाही. मुलाला उताणं झोपवा, खांद्याखाली उशी घ्या म्हणजे डोकं किंचित मागे जाईल. प्रत्येक नाकपुडीत चार-पाच थेंब, मिनिटभर थांबा, मग उठवून बसवा आणि शिंकरायला सांगा. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर, झोपण्याआधी. नाक वाहतंय तोवर रोज. घरी पाणी करायचं असेल तर ग्लासभर, म्हणजे साधारण पाव लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा छोटा चमचा साधं मीठ, आणि ते त्याच दिवशी संपवायचं. नळाचं किंवा टाकीचं न उकळलेलं पाणी नाकात घालू नका. सोसायटीच्या टाक्या कधी धुतल्या जातात ते आपल्याला माहीत आहे.

शिंकरायला शिकवणं हे मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे रुमाल नाकावर दाबून दोन्ही नाकपुड्या मिटतात आणि ‘जोरात कर, जोरात’ म्हणतात. त्याने शेंबूड बाहेर कमी आणि कानाच्या नळीत जास्त जातो. एक नाकपुडी बोटाने बंद, दुसरीतून हळू फुंकर, तोंड बंद. टिश्यू पेपरची पातळ पट्टी नाकासमोर धरा आणि ती हलवायची शर्यत लावा. चार वर्षांचं मूल दोन दिवसांत शिकतं. न शिकलेले बाबालोक मी बरेच बघितलेत.

सर्दी पूर्ण ओसरली की, त्याआधी नाही, नाकाने फुगवायचा फुगाही करून बघता येतो. त्यासाठी नाकपुडीला लावायची छोटी नळी आणि मऊ फुगा असलेला खास संच मिळतो. वाढदिवसाचा फुगा मुलाच्या नाकाने फुगत नाही. एक नाकपुडी मिटून दुसरीने फुगा फुगवला की नळीत हवा जाते, कानात टक् असा आवाज होतो. दिवसातून तीनदा, एक ते तीन महिने. चार वर्षांवरच्या मुलांत याचा फायदा होतो, मोठा नाही पण खरा. अडचण चिकाटीची. तिसऱ्या आठवड्यानंतर फुगा खेळण्यांच्या टोपलीत सापडतो. तुमच्या मुलाला मौज वाटली तर करा, रोजची रडारड होणार असेल तर सोडून द्या.

एरवी नळी उघडते ती गिळताना. म्हणून घोट घोट पाणी, स्ट्रॉने ताक, वरणाचं कोमट पाणी, जे आवडेल ते. ‘दूध, केळं, दही बंद’ याला माझा पाठिंबा नाही. मूल आधीच नीट जेवत नसतं, त्यात आवडीच्या तीन गोष्टी काढून घ्यायच्या कशाला? चघळायला म्हणून शेंगदाणे-फुटाणे मात्र पाच वर्षांखाली नकोत, ते कानासाठी नाही तर घशात अडकतात म्हणून.

रात्री दुखलं तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. तरी सांगते, कारण कान रात्रीच दुखतो. आडवं झालं की आतला दाब वाढतो, आणि दवाखाने बंद असतात. पॅरासिटामॉल द्या. मात्रा वयावर नाही, वजनावर: किलोमागे १५ मिलिग्रॅम. तुमच्या १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर १० मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये २५० लिहिलं असेल तर जेमतेम ५ मिलिलिटर. आणि तान्ह्यांचे थेंब असतात त्यात एकाच मिलिलिटरमध्ये १०० असू शकतात. आमच्याकडे चूक होते ती इथे: मागच्या वेळी १० मिलिलिटर दिलं म्हणून यावेळच्या दुप्पट कडक बाटलीतूनही १० दिलं जातं. सोबतच्या मापानेच मोजा, घरच्या चमच्याने नाही. चार ते सहा तासांच्या आत पुन्हा नाही, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ठणका असेल तर ‘बघू’ म्हणून दोन तास रडवत ठेवू नका, लगेच द्या.

आयबुप्रोफेन कानदुखीला चांगलं औषध आहे, पण आपल्याकडे पावसाळ्यात मी ते पालकांच्या हातात देत नाही. ठाणे असो की नवी मुंबई, ऑगस्ट-सप्टेंबर डेंग्यूचे महिने. डेंग्यूत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड, अॅस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाच्या पहिल्या दोन दिवसांत हा सर्दीचा ताप की डेंग्यूचा, हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. घरात ‘जोरदार’ तापाचं सिरप पडलेलं असतं ते बहुधा मेफेनॅमिकचं किंवा दोन औषधांच्या मिश्रणाचं असतं. लेबल वाचा.

सर्दीची लाल-गुलाबी सिरपं? मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं लिहून देत होते, कबूल करते. नाक सुकतं म्हणजे कान सुकेल असं वाटायचं. तसं होत नाही. सर्दीच्या गोळ्या-सिरपांनी पडद्यामागचं पाणी लवकर जात नाही, उलट मूल पेंगतं. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापायला सांगितला. मध्य प्रदेशात दूषित सिरपने मुलं दगावली, तेव्हा ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाचच्या आत सहसा टाळावीत, असं कळवलं. तुमचा मुलगा साडेचारचा आहे. नुसत्या साठलेल्या पाण्याला अँटिबायोटिकही लागत नाही, आणि मागच्या वेळची फ्रिजमधली उरलेली बाटली तर मुळीच नाही.

वाफ: भांड्यावर टॉवेल घेऊन मुलाला वाकवू नका. दरवर्षी कुठल्या तरी मुलाच्या मांडीवर ते भांडं उपडं होतं. कानात मेणबत्ती लावून ‘मळ ओढायचा’ प्रकार हल्ली मोबाइलवर दिसतो. जळलेल्या मेणाशिवाय त्यातून काही निघत नाही. कानात बड्स नकोत, आंघोळीनंतर बाहेरून टॉवेलने पुसलं की झालं.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला घेतलं, ते. थांबणं म्हणजे लक्ष ठेवून थांबणं, आणि लक्ष ठेवायचं कानावर नाही, ऐकण्यावर.

माझी मुलगी सिनियर केजीत होती तेव्हाची गोष्ट. घरात कानाची डॉक्टर. ती हाकेला ओ देत नव्हती आणि मी तिला हट्टी म्हणत होते. दोनदा ओरडलेसुद्धा. शाळेच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की बाई गोष्ट सांगताना ती पुढे सरकून बसते आणि त्यांच्या तोंडाकडे बघते. त्या संध्याकाळी दवाखान्यात नेऊन तपासलं तर दोन्ही पडद्यांमागे पाणी. तिला दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून मला दिसलं नाही. पुढे अडीच महिन्यांत ते आपोआप गेलं, कोणतंही औषध न देता. पण त्या दोन ओरडण्यांचं मला अजून वाईट वाटतं.

पडद्यामागे पाणी असलं की मुलाचं ऐकणं साधारण २५ ते ३० डेसिबलने कमी होतं. म्हणजे किती? दोन्ही कानांत बोटं घाला आणि स्वयंपाकघरातलं बोलणं हॉलमधून ऐकायचा प्रयत्न करा. आवाज येतो, शब्द विरतात. शिवाय हे रोज बदलतं. आज बरं, उद्या सर्दी वाढली की कमी. म्हणून घरचे म्हणतात, ‘चॉकलेट म्हटलं की बरं ऐकू येतं.’ समोरून, चेहरा बघत म्हटलेलं येणारच.

दर रविवारी एक छोटी चाचणी करा. टीव्ही, मिक्सर, पंखा बंद. मुलासमोर त्याच्या ओळखीच्या पाच-सहा वस्तू मांडा: चप्पल, चेंडू, वाटी, फणी, बस. तुम्ही त्याच्या मागे हातभर अंतरावर उभ्या राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. कुजबुजत्या आवाजात एकेक नाव घ्या आणि ‘दे’ म्हणा. एकदा उजव्या बाजूने, एकदा डाव्या. किती बरोबर ते कॅलेंडरवर तारखेखाली लिहा. ही काही ऑडिओग्रामची, म्हणजे यंत्रावर ऐकणं मोजण्याची, जागा घेत नाही, पण आठ रविवारांचे आकडे घेऊन आलेली आई मला पाच मिनिटांत जे सांगते, ते ‘मधूनमधून ऐकतो’ यातून कळत नाही. आकडे वाढत असतील तर तुमचं थांबणं बरोबर चाललंय. तीन-चार रविवार तिथेच अडकले किंवा खाली आले तर पुढची तारीख येण्याची वाट बघू नका, दाखवून घ्या.

तोवर त्याच्याशी समोर बसून, चेहरा दिसेल असं बोला. दुसऱ्या खोलीतून हाका मारू नका. शाळेत बाईंना सांगून पुढच्या बाकावर, बऱ्या कानाची बाजू बाईंकडे राहील असं बसवा. एवढ्या साध्या गोष्टीने मुलाची चिडचिड कमी झालेली मी कितीदा बघितलीय.

थांबायचं किती? सर्दीनंतरचं पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांच्या आत ओसरतं. तोवर बघून घ्यायचं, मग टिम्पॅनोमेट्री (पडदा किती हलतो याची तपासणी) आणि ऑडिओग्राम. टिम्पॅनोमेट्रीत कानाशी एक मऊ बूच लावतात, मिनिटाचं काम, दुखत नाही. दोन्ही कानांत पाणी तसंच असेल आणि ऐकणं कमी असेल, तर पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार होतो, गरज असेल तर अडेनॉइडचाही. ती नळी साधारण सहा महिने ते दीड वर्षात आपोआप पडून जाते. पण हा तीन महिन्यांचा हिशोब सगळ्यांना लागू नाही. बोलणं आधीच उशिरा आलेलं असेल, टाळू दुभंगलेली असेल, डाउन सिंड्रोम असेल, किंवा एक कान आधीपासून कमजोर असेल, तर मी इतकं थांबत नाही. तोंड उघडं ठेवून झोपणं आणि रोजचं घोरणं असेल तर तेही पुढच्या भेटीत सांगा, रात्रीचा व्हिडिओ काढून आणा.

आणि मध्येच धावत जायचं कधी? कानातून पू किंवा रक्त आलं, ठणका दोन दिवसांहून जास्त टिकला, ताप १०२च्या वर गेला, तर त्याच दिवशी. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड वाकडं झालं, चालताना झोक जायला लागला, मान ताठ झाली, सारख्या उलट्या झाल्या किंवा मूल गुंगीत गेलं, तर रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात. सहा महिन्यांखालच्या बाळाला तापाबरोबर कान दुखत असेल तर त्याच दिवशी, घरगुती काहीच नाही. खेळण्यातला बटनासारखा चपटा सेल कानात किंवा नाकात गेल्याची नुसती शंका आली तरी तासाभरात निघा. तो काही तासांत कातडी जाळतो. कानाची पाळी ओढल्यावर किंचाळला तर ते बहुधा बाहेरच्या खोलीचं दुखणं असतं. सोसायटीच्या तलावातून आलेल्या मुलांत ते जास्त दिसतं आणि त्याचं औषध वेगळं.

घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बाल्कनीत ओढली तरी कपड्यांवरून आत येते. मुलांच्या कानांना तंबाखूचा धूर बाधतो हे पक्कं आहे. गणपतीत धूप-उदबत्ती देवापुढे एकच ठेवा, डासांची कॉइल खोलीत नको, मच्छरदाणी बरी. धाकटं भावंड असेल तर त्याला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजू नका, आणि न्यूमोकोकलची लस राहिली नाही ना ते कार्डावर बघा. सरकारी लसीकरणात ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना असते.

नागपूरचं आता. तुम्हाला वाटतंय कानात पाणी आहे म्हणजे विमानात फार दुखेल. गंमत उलटी आहे. मागची खोली पाण्याने पूर्ण भरलेली असेल तर दाब बदलायला आत हवाच नसते, म्हणून त्रास कमी होतो. त्रास होतो तो अर्धवट भरलेल्या कानाला आणि ताज्या, ठणकणाऱ्या सर्दीला. निघायच्या दोन-तीन दिवस आधी कान दुखत असेल किंवा नवा ताप असेल तर तिकीट पुढे ढकला. नुसते दडे असतील तर जा. विमान वर चढताना हवा आपोआप बाहेर पडते, खरा त्रास उतरताना होतो, कारण तेव्हा नळी गिळून उघडावी लागते. कसारा घाट उतरताना कान बंद होतात ते त्यामुळेच. उतरायच्या अर्धा तास आधी त्याला झोपेतून उठवा, सलाइन टाका, नाक शिंकरायला लावा, आणि स्ट्रॉने घोट घोट पाणी किंवा ज्यूस देत राहा, चाकं जमिनीला टेकेपर्यंत. झोपलेलं मूल फारसं गिळत नाही, म्हणून उठवायचंच.

आणि माहेरी पोचल्यावर तिथली आजीही तेलाची वाटी घेऊन येईल. तिला ओव्याची पुरचुंडी दाखवा.